टीसी कितीवर ठेवायचा? व्हेपमधल्या तापमानाच्या आकड्यामागची पार्श्वभूमी

जुना मॉड (ई-सिगारेटचे, म्हणजे व्हेपचे, बॅटरी आणि नियंत्रण असलेले यंत्र) कुठून तरी हाती आला की ठाण्या-नवी मुंबईतली कॉलेजची मुले आधी हेच विचारतात: टीसी (टेम्परेचर कंट्रोल, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या तापमानाला घातलेली मर्यादा) कितीवर ठेवायचा? उत्तरे २०० पासून २५० अंश सेल्सिअसपर्यंत काहीही मिळतात. त्यातही २२० च्या आसपासचा आकडा फार ठामपणे सांगितला जातो. हा ठामपणा मला काळजीचा वाटतो, कारण टेम्परेचर कंट्रोल आरोग्यासाठी आलाच नव्हता.

अमेरिकेत १९६३ साली धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज झाला होता. पुढे २००३ च्या सुमारास चीनमधल्या एका औषधतज्ज्ञाने आजच्या ई-सिगारेटची मांडणी केली. सुरुवातीच्या यंत्रांत बॅटरी थेट कॉइलला, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, जोडलेली असे. नंतर व्होल्ट आणि वॅट कमी-जास्त करण्याची सोय आली. पण लिक्विड शोषून धरणारा कापूस कोरडा पडला तरी वॅट तेवढेच राहत, तार भलतीच तापे, कापूस करपे आणि घशात जळका ठसका बसे. त्यालाच ड्राय हिट म्हणतात. त्यावर तोडगा म्हणून २०१४ मध्ये एका अमेरिकन कंपनीने तापमानाला मर्यादा घालणारा सर्किट बोर्ड बाजारात आणला. करपलेली चव टाळायची, एवढाच त्यामागचा हेतू होता.

ज्या तत्त्वावर तो चालतो ते तुर्भे-महापे पट्ट्यातल्या कुठल्याही इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला पाठ असते. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. कारखान्यात तापमान मोजणाऱ्या पीटी-१०० सेन्सरमधल्या प्लॅटिनमचा रोध ० अंशाला १०० ओहम असतो आणि १०० अंशाला साधारण १३८.५ ओहम होतो. रोध मोजायचा आणि त्यावरून तापमान काढायचे. व्हेपमध्ये वेगळा सेन्सर नसतो. जी तार तापवायची तीच मोजायची. आधी वापरात असलेल्या कँथल या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापल्यावर जवळजवळ बदलत नाही, म्हणून ती इथे निरुपयोगी ठरली आणि निकेल आले. २० अंशाला ०.१ ओहम असलेली निकेलची कॉइल २२० अंशाला ०.२२ ओहमच्या घरात जाते. बदल एवढा ठळक असल्याने बोर्डाला तो सहज कळतो.

पुढे मात्र सगळे स्टेनलेस स्टीलकडे वळले, आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथे झाला. निकेल मऊ, गुंडाळताना वाकडेतिकडे होणारे. टायटॅनियमची तार कोरडी ठेवून लाल होईपर्यंत तापवायची नाही, ही धास्ती. स्टील कडक, स्वस्त, आणि वॅट मोडमध्येही चालणारे. सोय झाली, पण ३१६ एल प्रतीच्या स्टीलचा रोध २०० अंशांच्या वाढीत जेमतेम १८ टक्के वाढतो. निकेलचा दुपटीहून अधिक होतो. म्हणजे २२० अंशाजवळ रोध मोजताना एक टक्का चूक झाली, तर निकेलमध्ये चारेक अंशांचा फरक पडतो आणि स्टीलमध्ये तेराएक अंशांचा. कारखान्यात जोडवायरीचा रोध वजा करण्यासाठी सेन्सरला तिसरी, कधी चौथी वायर देतात. मॉडमध्ये दोन स्क्रू असतात. त्यातला एक जरा सैल झाला की आकडा सरकतो.

त्यात आपले हवामान. कॉइल थंड असताना तिचा रोध 'लॉक' करायचा, म्हणजे पुढच्या हिशेबासाठी नोंदवून ठेवायचा असतो, आणि अनेक मॉड त्या वेळी खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास धरून चालतात. ठाण्यात एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली बसून कोणी लॉक केले आणि खोलीत ३५ अंश असतील, तर पुढचा सगळा हिशेब वर सरकतो. स्क्रीनवर २२० दिसते आणि स्टीलची तार २३८ च्या आसपास असते. लावलेली तार स्टीलची आणि मोड निकेलचा निवडला, तर बोर्ड रोध दुप्पट होण्याची वाट पाहत बसतो. तो कधी होतच नाही, आणि मर्यादा असून नसल्यासारखी राहते. शिवाय मिळते ती संपूर्ण तारेची सरासरी. एखादा वेढा कोरडा पडून जास्त तापला, तरी तो त्या सरासरीत लपून जातो.

आरोग्याचा मुद्दा नंतर चिकटला. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पत्र छापून आले: ई-सिगारेटच्या वाफेत ३.३ व्होल्टला न सापडलेली, घातक अशा फॉर्माल्डिहाइडची संयुगे ५ व्होल्टला सापडली. त्याच वर्षी त्याला उत्तर आले की एवढ्या तापलेल्या कॉइलची करपट वाफ कोणी ओढूच शकणार नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. मात्र लोकांनी त्यातून एक सोपे उत्तर काढले: टीसी लावला की झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या लिक्विडमधल्या दोन्ही मुख्य द्रवांपासून २१५ अंशांपासून पुढे लक्षणीय फॉर्माल्डिहाइड बनताना दिसले. ग्लिसरीनचा उत्कलनबिंदू आहे २९० अंश. दाट वाफ हवी तर तार जितकी तापवावी लागते, त्याच्या अलीकडेच विघटन सुरू होते. त्यामुळे करपट चव टाळणारा आकडा शोधता येतो, पण निर्धोक आकडा या मोजमापातून निघत नाही.

भारतात हा वाद रंगायच्या आतच दार बंद झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये ई-सिगारेटवर बंदी घालणारा केंद्राचा अध्यादेश आला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याची व्याख्या निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणाऱ्या प्रत्येक विद्युत साधनाला लागू होते. तापमान किती, याला तिथे काही अर्थ नाही. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठवणुकीलाही शिक्षा आहे, मात्र नुसत्या ओढण्याला वेगळी शिक्षा त्यात लिहिलेली नाही. विडी-सिगारेट चालू ठेवून ही बंदी घातल्याबद्दल टीका झाली, आणि ती टीका मला रास्त वाटते.

तरी माल येतोच. न्हावा शेवा बंदरात खेपा पकडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. येतात त्या बहुतेक डिस्पोजेबल. त्यांच्यात तार कोणती हे बघता येत नाही, रोध लॉक करायची सोय नसते, आणि ज्यांना स्क्रीन असते त्यांच्यावरही सहसा फक्त बॅटरी आणि लिक्विड किती उरले तेवढेच दिसते.