बदली गिअरबॉक्सवरची पट्टी मुळात होती कोणासाठी?

अमेरिकन गाड्यांचे जुने गिअरबॉक्स घेणारे लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की टॅगवर, म्हणजे गिअरबॉक्सला लावलेल्या पट्टीवर, नंबर काय आहे, आणि टॅग गायब असेल तर भाव लगेच खाली येतो. पण ती पट्टी गिऱ्हाईकाला वाचता यावी म्हणून कधी लावलीच नव्हती. ती होती असेंब्ली लाइनवरच्या माणसासाठी आणि पार्ट्सच्या काउंटरवर बसलेल्या माणसासाठी. आपण आज तिच्यातून गाडीचा अख्खा इतिहास काढायला बघतो, म्हणून घोळ होतो.

सुरुवातीला पट्टीची फारशी गरजही नव्हती, गिअरबॉक्सचे प्रकार ते किती. हे बदललं ऑटोमॅटिक आल्यावर. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबीलसाठी हायड्रामॅटिक काढला आणि पुढे तो कॅडिलॅक, पॉन्टियाकमध्ये तर गेलाच, पण लिंकन, नॅश, हडसन अशा बाहेरच्या कंपन्यांनाही विकला गेला. मग १२ ऑगस्ट १९५३ ला मिशिगनमधल्या लिव्होनियाचा हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत बेचिराख झाला. गाड्यांची लाइन तर थांबवता येत नाही, म्हणून कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबीलला ब्यूकचा डायनाफ्लो बसवला, काही पॉन्टियाकना शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड, आणि हायड्रामॅटिकचं काम विलो रनच्या प्लांटमध्ये हलवलं. म्हणजे एकाच वर्षाची, एकाच मॉडेलची कॅडिलॅक, पण एकीच्या पोटात एक गिअरबॉक्स आणि दुसरीच्या पोटात भलताच. अशा वेळी गाडीचं वर्ष आणि मॉडेल सांगून पार्ट मागून उपयोग नाही, गिअरबॉक्सवर काय लिहिलंय तेच बघावं लागतं.

साठच्या दशकात फोर्डने पत्र्याच्या छोट्या पट्टीचा रस्ता धरला. १९६४ पासूनचा चार गिअरचा टॉपलोडर घ्या, म्हणजे ज्याचं झाकण वरून उघडतं तो. त्याच्या पट्टीवर आरयूजी ही तीन अक्षरं आणि पुढे एक-दोन अक्षरं, कधी आकडाही. त्या शेपटीवरून कळायचं की हा कुठल्या गाडीसाठी आणि कुठल्या इंजिनामागे, पहिला गिअर २.७८ चा (म्हणजे आउटपुटच्या एका फेरीला इनपुटच्या २.७८ फेऱ्या) वाइड रेशो की २.३२ चा क्लोज रेशो. सी-फोर ऑटोमॅटिकवर हीच पट्टी सर्व्हो नावाच्या भागाच्या झाकणाच्या बोल्टखाली आणि कोड पीईईसारखा. कल्पना सोपी आणि स्वस्त, पण पट्टी बोल्टने धरलेली, आणि ज्याने कोणी पहिल्यांदा तो बोल्ट सोडला त्याने पट्टी परत लावलीच असेल याची गॅरंटी कोण देणार. बहुतेक पट्ट्या गॅरेजच्या कचऱ्यातच गेल्या. आता टॉपलोडरच्या नव्या कोऱ्या नकली पट्ट्या बाजारात मिळतात, त्यामुळे चकचकीत आरयूजी बघून मी तरी खूश होत नाही, उलट शंका येते.

जनरल मोटर्सच्या मन्सी गिअरबॉक्सवर (१९६३ ते १९७४) पट्टी नाही, थेट केसवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचावर, पंच मारलेला असायचा. उदाहरणार्थ पी९एच१५बी. पी म्हणजे मन्सीचा प्लांट, ९ म्हणजे १९६९, एच म्हणजे जून, १५ तारीख, आणि शेवटचा बी म्हणजे एम-२१ हा प्रकार, पहिला गिअर २.२०. ए असता तर एम-२०, सी असता तर एम-२२. आता एच म्हणजे जून कसा, आठवा महिना ऑगस्ट ना? तर नाही, ए ते ई सरळ जातात आणि मग एच, के, एम, पी, आर, एस, टी, मधली अक्षरं गाळलेली. अक्षरं क्रमाने मोजत बसलं की महिना चुकतो. शिवाय शेवटचं ए-बी-सी १९६९ पासूनचं, त्याआधीच्या मन्सीवर रेशो या कोडमधून कळतच नाही.

याच केसवर दुसरा एक पंच असतो, गाडीच्या नंबरचा तुकडा. १९एन आणि पुढे सहा आकडे असले तर १ शेव्हरोले, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोमधला नॉरवुड प्लांट, आणि बाकीचा त्या गाडीचा क्रमांक. फोर्डनेही साठच्या दशकाच्या अखेरीस असा तुकडा केसवर मारायला सुरुवात केली. आणि इथेच बदली गिअरबॉक्स वेगळा पडतो. वॉरंटीत किंवा काउंटरवरून जो गिअरबॉक्स जायचा तो कुठल्या गाडीत बसणार हे कारखान्याला माहीतच नसायचं, मग नंबर मारणार कुठला, ती जागा कोरीच राहायची. आज कोरी केस दिसली की लोक म्हणतात चोरीचा माल असेल नाहीतर घासून काढलाय, पण ती साधी काउंटरची केसही असू शकते. घासलेली असेल तर धातूवर ग्राइंडरच्या रेघा दिसतात, कोरी असेल तर ओतकामाचा किंवा मशिनिंगचा मूळ पृष्ठभाग तसाच असतो, एवढं तरी बघावं.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र बोर्ग-वॉर्नर कंपनीच्या पाच गिअरच्या टी-५ चा. १९८२ च्या सुमारास आला, एएमसीने (अमेरिकन मोटर्स) घेतला, फोर्डने मस्टँगला लावला, शेव्हरोलेने कमॅरो आणि एस-१० पिकअपला लावला, आणि बाहेरून सगळे सख्खे भाऊ. टेलहाउसिंगच्या, म्हणजे केसला मागून जोडलेल्या शेपटीच्या, बोल्टखाली पट्टी, तिच्यावर १३५२ आणि पुढे तीन आकडे. १३५२ म्हणजे नुसतं टी-५ घराणं, खरी माहिती सगळी पुढच्या तीन आकड्यांत, आणि त्या आकड्यांना आतलं काही लॉजिक नाही, यादीच बघावी लागते. त्या तीन आकड्यांवर काय काय ठरतं बघा, व्ही-८ मस्टँगचा पहिला गिअर ३.३५, चार सिलिंडरच्या एस-१० चा ४.०३, व्ही-८ कमॅरोचा २.९५. फोर्डच्या इनपुट शाफ्टला (इंजिनाकडून फिरणारा दांडा) १० स्प्लाइन, म्हणजे क्लच प्लेट अडकते ते दाते, व्ही-८ कमॅरोच्याला २६. ताकदीतही फरक, फोर्डने स्वतंत्र पार्ट म्हणून विकलेला झेड टी-५ ३३० पाउंड-फूट टॉर्कचा आणि १९८५ च्या आसपासचा मस्टँगचा २६५ चा. १९९६ मध्ये बोर्ग-वॉर्नरने हा धंदा मेक्सिकोच्या ट्रेमेकला विकला, पण टी-५ वर १३५२ चालूच राहिलं, त्यामुळे नुसत्या नंबरच्या सुरुवातीवरून बनवणारा कोण तेही कळत नाही.

कायदा आला तो चोरीमुळे. अमेरिकेत १९८४ च्या वाहनचोरीविरोधी कायद्याने ठरवलं की जास्त चोरी होणाऱ्या मॉडेल्सच्या मुख्य पार्ट्सवर नंबर टाकायचा, त्यात इंजिन आणि ट्रान्समिशन (म्हणजे गिअरबॉक्स) दोन्ही, आणि १९८७ च्या मॉडेल्सपासून ते लागू झालं. कारखान्यातून गाडीसोबत आलेल्या पार्टवर गाडीचा ओळख नंबर, म्हणजे व्हीआयएन, आणि बदली पार्टवर कंपनीचं चिन्ह, डीओटी (अमेरिकेचं वाहतूक खातं) आणि आर हे अक्षर. हा आर म्हणजे रिप्लेसमेंट (बदली), रिबिल्ट (जुना उघडून पुन्हा जुळवलेला) नव्हे, हे लक्षात ठेवा, कारण विकणारे दोन्ही अर्थ सोयीने वापरतात. लेबल काढायला गेलं तर फाटलं पाहिजे असाही नियम. १९९२ मध्ये नवीन कायद्याने याचा आवाका वाढवला. म्हणजे जी जागा आधी कोरी सुटायची तिथे आता मुद्दाम लिहिलं जायला लागलं की हा पार्ट मूळचा नाही. आपल्याकडे आरसीवर चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतोच, त्यामुळे जुन्या मार्केटमधून दुसरा आणून बसवला तरी कागदावर एक अक्षर बदलत नाही.

रिबिल्डरचा टॅग ही अजून वेगळी भानगड. अमेरिकेत ऑटोमॅटिक दुरुस्त करणाऱ्यांची संघटना १९५४ पासून आहे, म्हणजे हा धंदा काही कालचा नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रिबिल्ट पार्ट नवा म्हणून विकू नका, आणि तसं पार्टवर बसवल्यानंतरही दिसेल असं लिहा. मोठे रिबिल्डर स्वतःची पट्टी आणि स्वतःचा नंबर लावतात, तो कंपनीच्या यादीत शोधून काही सापडणार नाही, त्यांच्याच कॅटलॉगमध्ये बघावा लागतो. आणि चार जुन्या बॉक्समधून एक चांगला बनवला असेल तर केस एकाची, टेलहाउसिंग दुसऱ्याची, पट्टी टेलहाउसिंगसोबत आलेली, आतले गिअर तिसऱ्याचेच. त्या पट्टीवर विश्वास ठेवून क्लच प्लेट मागवली की स्प्लाइन जुळत नाहीत आणि प्लेट परत.

म्हणून टी-५ घेताना पट्टी वाचा, पण हात पण लावा. इनपुट शाफ्टचे स्प्लाइन मोजा. पहिल्या गिअरमध्ये टाकून आउटपुट एक पूर्ण फेरी फिरवा आणि इनपुट किती फेऱ्या मारतो ते मोजा, तीनला थोडं कमी भरलं तर २.९५, तीन आणि वर साधारण तिसरा हिस्सा भरला तर ३.३५, चार भरले तर एस-१० सारख्या पिकअपचा असू शकतो. मग केसच्या पुढच्या तोंडाकडे काउंटरशाफ्टची (आतला खालचा, गिअरवाला दांडा) जागा बघा, तिथे बेअरिंगची मोठी स्टीलची रिंग दिसली तर टी-५ ची सुधारित वर्ल्ड क्लास आवृत्ती, त्यात ऑटोमॅटिकचं तेल, एटीएफ, घालायचं, आणि छोटी चपटी टोपी दिसली तर जुना नॉन-वर्ल्ड क्लास, त्यात गिअर ऑइल.