हँडहेल्ड घरी नेल्यावर : आमच्या ग्राहकांसाठी

डबा उघडला की काउंटरवर हमखास कुणीतरी विचारतं, "यात सिम कुठं घालायचं?" सिम घालायचं नाही. हँडहेल्ड म्हणजे हातात धरून गेम खेळायचा आख्खा कॉम्प्युटर, सात ते नऊ इंची स्क्रीनमागं बसवलेला. आरओजी ॲलाय आणि लीजन गो या मॉडेलांवर विंडोज ११ चालतं, स्टीम डेकवर लिनक्सवर बेतलेलं स्टीमओएस. मोबाईलच्या सवयी इथं लावल्या की चार दिवसांत मशीन घेऊन परत दुकानात येणं होतं, म्हणून हे पत्रक.

पहिली संध्याकाळ

गेम लावायची घाई नको. चार्जर जोडा आणि आधी अपडेट उरकून घ्या: विंडोजचे, कंपनीच्या ॲपचे, ग्राफिक्स ड्रायव्हरचे, शेवटी बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा. यात दोन-तीन तास सहज जातात, मधेच मशीन आपोआप बंद होऊन चालू होतं. घाबरून बटण दाबू नका. बायोसला हात लावण्याआधी बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या, म्हणजे लाईट गेली तरी काम अर्धवट राहत नाही.

मोठे गेम शंभर जीबीच्या पुढं जातात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रोजचे दोन जीबी धरले तर एक गेम उतरायला पन्नास दिवस! घरच्या फायबरवर रात्री लावा आणि झोपा.

"दीड तासात बॅटरी बसतीय"

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. पहिल्या ॲलायची बॅटरी ४० वॅट-अवरची आहे. म्हणजे ४० वॅट ओढलेत तर एक तास, २० वॅट ओढलेत तर दोन. टाकी तेवढीच आहे, नळ किती सोडायचा ते तुमच्या हातात. टर्बो या जोरदार मोडवर एकटा प्रोसेसरच २५ वॅट किंवा जास्त घेतो. स्क्रीन, फॅन, वायफाय वेगळे. (ॲलाय एक्समध्ये बॅटरी थेट ८० वॅट-अवरची आहे. रोज प्रवास असेल तर आम्ही तीच सुचवतो, वजन थोडं जास्त असलं तरी.)

दुकानातून मशीन देताना आम्ही पॉवर १५ वॅटवर लावतो. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं की स्क्रीनवर काढायचे ठिपके २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर येतात, आणि सात इंचांवर फरक शोधायला चष्मा लागतो. तिसरी गोष्ट, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम) ४० वर अडकवा. आकडा बघून "हे तर ३० च्याच जवळ" असं वाटतं. पण ३० ला एक फ्रेम ३३ मिलिसेकंद थांबते, ६० ला जवळपास १७, आणि ४० ला २५, म्हणजे बरोबर मध्यावर. शिवाय १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनवर ४० चा भाग पूर्ण जातो, त्यामुळं चित्र अडखळत नाही. एकदा लावून बघा, मग आमच्याशी वाद घाला.

मशीन बॅगेत टाकताना झोपवू (स्लीप करू) नका, हायबरनेट करा, म्हणजे काम साठवून मशीन पूर्ण बंद होतं. आमच्याच पोऱ्यानं मिरजेत गाडीत बसताना नुसतं बटण दाबून बॅगेत टाकलं होतं. मशीन आत जागं झालं आणि पुण्यात उतरेपर्यंत बॅग इस्त्रीसारखी तापलेली. स्टीमओएसवर मात्र नुसतं बटण दाबून बॅगेत टाकलं तरी सहसा चालतं.

चार्जर

मोबाईलच्या चार्जरवर मोठा वॅटचा आकडा असला तरी तो बऱ्याचदा त्या कंपनीच्या फोनपुरताच खरा. हँडहेल्डला पीडी (यूएसबी-सीचं पॉवर डिलिव्हरी चार्जिंग) लागतं. ६५ वॅट पीडी लिहिलेला चार्जर घ्या. पॉवर बँक घेताना हेच बघा. २०,००० एमएएचची बँक म्हणजे साधारण ७४ वॅट-अवर. विमानात १०० वॅट-अवरपर्यंतची नेता येते, पण हातातल्या सामानातच.

हळद आणि भडंग

हे कंपनीच्या पुस्तिकेत सापडायचं नाही. मशीन मागून हवा घेतं आणि वरून गरम हवा सोडतं. गादीवर, गोधडीवर टेकवून खेळलात की मागची जाळी झाकली जाते, फॅन ओरडतो आणि गेम अडखळतो. हळदीच्या मार्केट यार्डाच्या बाजूचं एक मशीन आम्ही उघडलं तेव्हा फॅनची पाती चक्क पिवळी होती आणि झाकण काढताच हळदीचा वास आला. हळदीच्या हंगामात मऊ ब्रशनं महिन्यातून एकदा जाळी झाडा. जोराचा ब्लोअर थेट मारू नका, फॅन नको तितका फिरून खराब होतो.

आणि भडंग! तेल-तिखटाची बोटं स्टिकवर (अंगठ्यानं फिरवायच्या दांडीवर) गेली की खाचेत मसाला बसतो आणि काही दिवसांनी स्टिक चिकटते. गेममधला माणूस आपोआप चालायला लागला तर आधी कॅलिब्रेशन करा (स्टिकचा मध्य नव्यानं ठरवा), डेडझोन (मध्याजवळची हालचाल न मोजणारी जागा) थोडा वाढवा. तरी थांबला नाही तर स्टिक झिजली, ती बदलावी लागते.

कुठला गेम चालत नाही

बीजीएमआय हा मोबाईलचा गेम, त्यासाठी हे मशीन घेऊ नका. व्हॅलोरंट स्टीमओएसवर चालत नाही, त्याचं अँटी-चीट (फसवाफसवी पकडणारा प्रोग्राम) तिथं बसत नाही. बाकी शंका असेल तर पैसे भरण्याआधी गेमचं नाव आम्हाला सांगा.

दुरुस्तीला आणताना चार्जर बरोबर आणा; निम्म्या वेळा दोष त्यातच निघतो. मशीन मुलाचं असेल तर मुलालाही आणा. "काय केलंय ते त्यालाच माहीत" एवढ्यावर आम्हाला काही शोधता येत नाही.