आंबील प्यायल्यावर चढत का नाही?

उन्हाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरोघरी आंबिलीचं पातेलं दिसू लागतं आणि कुणीतरी हमखास विचारतं: ही धान्याची, रात्रभर आंबवलेली, वर बुडबुडे येणारी, मग बिअरमध्ये आणि हिच्यात फरक तो काय? हौसेनं ‘नाचणीची बिअर’ म्हणणारेही भेटतात. प्रश्न बावळट नाही. दोन्हींचा कच्चा माल धान्य, दोन्हींत काम सूक्ष्मजीवांचं, दोन्ही गार प्यायच्या. फरक नेमका कुठं पडतो ते कळलं की आंबील का बिघडते हेही उमगतं.

सुरुवात पिठापासून. जोंधळ्याच्या किंवा नाचणीच्या पिठात मोकळी साखर अगदी थोडी. बाकी सगळा स्टार्च. दारू तयार करणारं यीस्ट साखर खातं, स्टार्च त्याला पचत नाही. म्हणून दारू करायची तर आधी कुणीतरी स्टार्च तोडून त्याची साखर करावी लागते. बिअरमध्ये हे काम मोड आलेलं सातू (बार्ली) करतं. सातू भिजवून मोड आणले की दाण्यात अमायलेज नावाची विकरं (एन्झाइम) तयार होतात. मग दाणे बेतानं वाळवून, भाजून मोड थांबवतात. हा माल्ट. गरम पाण्यात भिजला की त्यातली विकरं स्वतःच्याच दाण्यातला स्टार्च तासाभरात गोड करून टाकतात.

आंबिलीचं पीठ साध्या, मोड न आणलेल्या धान्याचं. त्यात ही विकरं फार कमी. ताकाबरोबर आलेले लॅक्टिक जिवाणू पिठातली तेवढी मोकळी साखर आणि ताकातली दुधाची साखर खातात आणि तिचं आम्ल करतात. दुधाची साखर तर बिअरच्या यीस्टला चालतच नाही. त्यामुळं आंबील आंबट होते, तिच्यात दारू म्हणण्यासारखं काही तयार होत नाही. जी पुसटशी होते तिचं पुढं काय होतं ते कृतीतच दिसेल.

चार-पाच माणसांच्या आंबिलीला १०० ग्रॅम पीठ पुरतं. सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगलच्या काळ्या रानाकडं जोंधळ्याचं, खानापूर आणि पलीकडं चंदगडच्या बाजूला नाचणीचं. अर्धी वाटी आंबट ताक आणि दीड वाटी पाण्यात पीठ कालवायचं. आधी थोड्या ताकात घट्ट कालवून गुठळ्या मोडायच्या, मग पातळ करायचं. उलट केलं तर गुठळ्या शेवटपर्यंत राहतात. भांडं मातीचं, स्टीलचं किंवा काचेचं. कल्हई नसलेल्या पितळेत वा तांब्यात ठेवलं तर आम्लामुळं कळकतं, ते पोटात जाता कामा नये. वर सैल झाकण, घट्ट नको. एप्रिल-मेमध्ये आठ-दहा तासांत काम होतं, थंडीत चौदा-सोळा तास लागतात. झाल्याची खूण: वर बारीक बुडबुडे, पीठ खाली बसलेलं, वास ताकासारखा स्वच्छ आंबट. पीएचचा कागद हाताशी असेल तर आकडा ४.५ च्या खाली यायला हवा.

सकाळी लिटरभर पाणी उकळून मीठ घालायचं, आच मंद करायची आणि आंबलेलं मिश्रण धार धरून सोडत एका हातानं ढवळत राहायचं. दहा-बारा मिनिटांत कच्चा वास जातो आणि चकाकी येते. ती पुसटशी दारू झालीच असेल तर या उकळीत बरीचशी उडून जाते आणि आंबवणारे जिवाणूही मरतात. पूर्ण गार झाल्यावर दोन वाट्या ताक, ठेचलेला लसूण, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर. गरम असतानाच ताक घातलं तर ते फुटतं, पाणी वेगळं आणि कण वेगळे; मग रवीनं कितीही घुसळा, एकजीव होत नाही.

क्रम ध्यानात घ्या: आधी आंबवणं, मग शिजवणं. बिअरमध्ये बरोबर उलटं, आधी शिजवणं आणि मग आंबवणं, आणि त्यानंतर पुन्हा उकळणं नाही. जी दारू झाली ती पेल्यापर्यंत येते.

मात्र एवढ्या एका क्रमावर सगळा फरक टाकून मोकळं होऊ नये. काही घरांत पीठ आधी शिजवतात, ती घट्ट लापशी रात्रभर ठेवतात आणि सकाळी ताक घालून पितात. इथला क्रम बिअरचाच झाला. तरी चढत नाही, कारण यीस्टला खायला साखर नाही. मूळ कारण साखर. क्रम हा वरचा दुसरा कडीकोयंडा.

आता बिअर. पुढची मापं अमेरिका-ब्रिटनसारख्या देशांतली, जिथं घरच्यापुरती बिअर करायला मुभा आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं केंद्राची बंदी उठली. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास मर्यादा. आपल्याकडं हे चालत नाही. कर्नाटकात १९६५ च्या अबकारी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि ‘विकायला नव्हे, घरच्यापुरतं’ ही सबब टिकत नाही. हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेलात तर तिथं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. तेव्हा हा भाग समजून घेण्यासाठी वाचावा.

२० लिटर साध्या एलसाठी (हा बिअरचाच एक प्रकार) साडेचार किलो सातूचा माल्ट. तो भरडायचा, पीठ करायचं नाही. दाण्याची टरफलं अख्खी राहिली तरच पुढं गाळणी म्हणून उपयोगी पडतात, नाहीतर सगळा चिखल होऊन पाणी खाली उतरतच नाही. १४ लिटर पाणी ७२ अंशांवर नेऊन त्यात भरड टाकली की मिश्रण ६६-६७ अंशांवर स्थिरावतं. तिथं तासभर. इथं थर्मामीटरशिवाय भागत नाही. तापमान ७५ च्या वर गेलं तर विकरं झपाट्यानं निकामी होतात आणि हाती नुसती पेज राहते. ६३ च्या आसपास राहिलं तर स्टार्चची जास्तीत जास्त यीस्टला खाता येणारी साखर होते आणि बिअर कोरडी, पातळ लागते. साखर झाली की नाही ते पाहायला बशीत दोन थेंब घेऊन आयोडीन टाकतात. निळा-काळा रंग आला तर स्टार्च अजून शिल्लक.

मग ७५-७६ अंशांच्या पाण्यानं भरड धुऊन एकूण २६ लिटर गोड पाणी काढायचं. याला वर्ट म्हणतात. ते तासभर खळखळून उकळायचं. सुरुवातीला २५ ग्रॅम हॉप्स (एका वेलीची कडू फुलं) कडवटपणासाठी, शेवटची पाच मिनिटं उरली असताना २० ग्रॅम सुवासासाठी. हॉप्सचं काम नुसतं चवीचं नाही. त्यातली कडू द्रव्यं लॅक्टिक जिवाणूंना वाढू देत नाहीत. म्हणजे आंबिलीत ज्यांना आपण ताक घालून आमंत्रण देतो, त्यांच्याच वाटेवर बिअर करणारा हॉप्सचा पहारा बसवतो.

उकळलेला वर्ट तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून गार पाणी खेळवून लवकर २० अंशांच्या खाली आणतात, हायड्रोमीटर बुडवून घनता पाहतात (इथं १.०४८ च्या आसपास यावी), आणि साडेअकरा ग्रॅमचं सुक्या यीस्टचं एक पाकीट सोडतात. दहा ते चौदा दिवस १८ ते २० अंशांत. साखर सरेल तशी घनता उतरते; ती १.०१० वर येऊन दोन-तीन दिवस तिथंच राहिली की झालं. दोन आकड्यांतली वजाबाकी १३१ नं गुणली की अल्कोहोलची टक्केवारी मिळते: ०.०३८ गुणिले १३१, म्हणजे सुमारे पाच टक्के. बाटलीत भरताना लिटरला ६ ग्रॅम साखर घालून बूच मारायचं, पंधरा दिवसांत फेस धरतो.

बिघाड दोन्हीकडं होतात, पण वेगवेगळे. घनता उतरायच्या आधीच बाटल्या भरल्या तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबते आणि काच फुटून माणूस जखमी होऊ शकतो. यीस्ट २६-२८ अंशांत काम करू लागलं तर केळ्यासारखा वास आणि घशाला जाळणारे जड अल्कोहोल येतात. इथल्या एप्रिलमध्ये हेच झालं असतं. आंबिलीला मात्र हीच ऊब मानवते. हॉप्स कमी किंवा भांडी नीट निर्जंतुक नाहीत, तर बिअर आंबट होते. आंबिलीत आंबट होणं हेच तर हवं असतं, म्हणून तिथं भांडं स्वच्छ असलं की पुरतं, निर्जंतुक करायची गरज नाही. तिथली भीती दुसरी. मिश्रणावर गुलाबी, नारिंगी किंवा काळे डाग दिसले, तार सुटली, किंवा वास ताकाचा न येता कुजका आला, तर वरचा थर काढून खालचं वापरू नका, सगळं टाका. पांढरी पातळ साय बहुधा जंगली यीस्टची असते, विषारी नसते, पण चव उतरवते. असं मिश्रण माणसांना न देणंच बरं. कडवटपणा आला तर दोष बहुधा आंबवण्याचा नसतो, पीठ जुनं असतं. पंधरा दिवसांपूर्वी दळून आणलेलं पीठ उन्हाळ्यात खवट झालेलं असू शकतं.

विकरांचं काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर त्याला दारू लागत नाही. नाचणीच्या पिठाची घट्ट खीर शिजवून दोन वाट्यांत घ्या. ६५ अंशांच्या आसपास, म्हणजे बोट टेकवता येणार नाही इतकी गरम असताना, एका वाटीत चमचाभर मोड आलेल्या नाचणीचं पीठ नीट कालवा. दुसरीत साधं पीठ. पंधरा-वीस मिनिटांत पहिली वाटी ओतता येईल इतकी पातळ होते आणि साखर न घालता गोडसर लागते. लहान मुलांच्या खिरीत मोड आलेली नाचणी घालतात ती याच गुणासाठी. पातळ असूनही पोटभर. जोंधळ्याचे मोड मात्र कच्चे खाऊ नयेत, जनावरांनाही घालू नयेत. त्यांच्या कोंबांतून सायनाइड सुटतं. आणि उरलेली ती गोड वाटी गार करून दोन दिवस बाहेर ठेवू नका. साखर तयार आहे, हवेतलं यीस्ट यायचा अवकाश. आंबिलीत गूळ घालून ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिणाऱ्यांनाही हेच लागू. गूळ प्यायच्या वेळी पेल्यात घालावा.

नाचणीची दारू होतच नाही असं नव्हे. सिक्कीम, दार्जिलिंग, नेपाळमध्ये तोंगबा नाचणीचाच करतात. तिथं माल्टऐवजी मर्चा नावाची वाळवलेली वडी वापरतात. तिच्यातली बुरशी स्टार्चची साखर करते आणि त्याच वडीतलं यीस्ट त्या साखरेची दारू. धान्य तेच, साखर सोडवणारा वेगळा. ‘नाचणीची बिअर’ हे नाव शोभायचंच तर तोंगब्याला शोभेल.

परदेशी होमब्रू क्लबांतली, म्हणजे घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळांतली, एक गोष्ट मात्र आंबील करणाऱ्यांनी जरूर उचलावी: चाखायची पद्धत. तिथं बाटल्यांवरची नावं झाकून चाखतात आणि ५० गुणांची पत्रिका भरतात. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जडपणा-हलकेपणाला ५, एकंदर मताला १०. दिसण्याला फक्त तीन, हे प्रमाण मला फार आवडतं. ‘छान झालीय’ लिहून भागत नाही. दोष असेल तर त्याचं नाव आणि संभाव्य कारण लिहावं लागतं. आंबिलीलाही असंच विचारता येतं: आंबटपणा ताकाचा की आंबवण्याचा, पीठ कच्चं राहिलंय का, लसणानं बाकी सगळं झाकलंय का? ब्रिटनमधल्या मोठ्या बिअर महोत्सवांत एक तृतीयांश पाइंटचा, साधारण १९० मिलीचा पेला मिळतो, म्हणजे चार-पाच प्रकार चाखून होतात. आंबिलीच्या स्टॉललाही तेवढं माप पुरे. दोन धान्यांच्या दोन आंबिली शेजारी ठेवल्या तर फरक लगेच कळतो.

स्टॉल लावणाऱ्यांनी पाटीवर बिअर हा शब्द टाळावा. अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यांवर अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरतात. आंबील त्यात येत नाही, मग नावामुळं नसती चौकशी कशाला ओढवून घ्यायची? शिजवलेली आंबील मोठ्या पातेल्यात तशीच ठेवली तर तासन्‌तास कोमट राहते आणि नको ते जिवाणू वाढतात. लहान भांड्यांत विभागून, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून दोन तासांच्या आत गार करा. ताक विकायच्या जागीच, लागेल तसं मिसळा. ताक घातलेली आंबील बर्फावर ठेवली तर त्या दिवसापुरती. उन्हात तीन-चार तासांनी राहिलेली विकू नये.