युरेनियमचा भाव सरकारं ठरवतात : एका बाजाराची पार्श्वभूमी

जानेवारी २०२४ मध्ये युरेनियमने पाउंडाला (म्हणजे वजनाच्या पाउंडाला) १०० डॉलरचा टप्पा ओलांडला. २००७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. तेव्हापासून परदेशी शेअर घेणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींतही कॅनडाची कॅमेको, कझाकस्तानची कझाटमप्रोम या खाण कंपन्यांची नावं ऐकू येऊ लागली आहेत. विजेची मागणी वाढतेय, खाणी मोजक्याच आहेत, तेव्हा भाव चढणार, असा हिशोब मांडला जातो. हिशोब खोटा नाही, पण अपुरा आहे. या धातूतली जवळजवळ प्रत्येक मोठी तेजी किंवा मंदी उलगडत गेलं की तळाशी कुठल्या ना कुठल्या सरकारचा हात सापडतो. पैसे घालण्याआधी हे नीट समजून घ्यायला हवं.

सुरुवातीला तर गिऱ्हाईक एकच होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला बॉम्बसाठी युरेनियम हवं होतं आणि खरेदीचा अधिकार फक्त तिथल्या अणुऊर्जा आयोगाकडे होता. आयोगाने हमीभाव आणि नवीन खाणीसाठी बक्षीस जाहीर केलं आणि युटा-कोलोरॅडोच्या पठारावर माणसांची रीघ लागली. त्यात चार्ली स्टीन नावाचा एक कफल्लक भूशास्त्रज्ञ होता. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर घ्यायलाही त्याच्याकडे पैसे नव्हते. जिथे काही मिळणार नाही असं जाणकार सांगत होते, तिथेच तो उसनवारीवर आणलेल्या यंत्राने भोकं पाडत होता. जुलै १९५२ मध्ये यंत्र मोडलं. खडकाचे काळे तुकडे जीपमध्ये टाकून तो परतला आणि वाटेत एका ओळखीच्याच्या काउंटरजवळ ते धरले, तर काटा शेवटच्या टोकाला जाऊन आदळला. मोआब गावाजवळची ही ‘मी विदा’ खाण. स्टीन करोडपती झाला आणि पुढे १९६८ मध्ये करखात्याने त्याची मालमत्ता जप्त केली.

त्याच्या बातमीने सॉल्ट लेक सिटीत शेअरचा बाजार पेटला. एका-दोन सेंटांना शेअर मिळत आणि लोक ते डोळे झाकून घेत. यातल्या बहुसंख्य कंपन्यांना विकण्याजोगं खनिज कधीच सापडलं नाही. याच पठारावरच्या खाणींत नवाहो आदिवासी मजूर हवा खेळती नसलेल्या बोगद्यांत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू छातीत भरून घेत होते. धोका सरकारी डॉक्टरांना माहीत होता. मजुरांना कुणी सांगितला नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाने माणसं गेली आणि भरपाईचा कायदा व्हायला १९९० उजाडलं. युरेनियमच्या तेजीचा इतिहास सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो, तो गाळू नये.

१९५९ मध्ये अमेरिकेने कॅनडाला कळवलं की सध्याचे करार संपले की पुढची खरेदी नाही. साठा पुरेसा झाला होता. ऑन्टारियोतलं एलियट लेक हे खाणींसाठीच वसवलेलं गाव काही वर्षांतच ओस पडू लागलं.

सत्तरच्या दशकात वीजकेंद्रं नवी गिऱ्हाइकं म्हणून आली. वेस्टिंगहाऊस ही अमेरिकी कंपनी अणुभट्ट्या विकताना सोबत ठरलेल्या भावाने इंधन पुरवण्याची हमीही देत असे. पण तेवढं युरेनियम कंपनीने घेऊन ठेवलेलंच नव्हतं. सहा-सात डॉलरचा भाव १९७६ पर्यंत चाळीसवर गेला आणि त्याआधीच, १९७५ मध्ये, कंपनीने हात वर केले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या मेरी कॅथलीन कंपनीची कागदपत्रं बाहेर फुटली आणि खाणवाल्यांनी संगनमत करून भाव वाढवल्याचं उघड झालं. कॅनडाचं सरकार त्यात सामील होतं.

मग अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्राचा अपघात, मग चेर्नोबिलचा. नव्या अणुभट्ट्यांच्या ऑर्डर आटल्या. १९९३ मध्ये रशियाने आपल्या अण्वस्त्रांतलं ५०० टन समृद्ध युरेनियम पातळ करून अमेरिकी वीजकेंद्रांना विकायचं कबूल केलं आणि हा ओघ २०१३ पर्यंत चालू राहिला. जगाच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट होती, खाणवाल्यांच्या दृष्टीने मरण. २००० च्या सुमारास भाव सात डॉलरवर आला होता.

या बाजाराची ठेवण इथे सांगायला हवी. वीजकंपन्या बहुतेक माल थेट खाणवाल्यांकडून कित्येक वर्षांच्या करारांनी घेतात. बातम्यांत येणारा भाव असतो रोखीच्या छोट्याशा बाजाराचा, आणि तो दोन-तीन खासगी संस्था सौद्यांची माहिती गोळा करून जाहीर करतात. अणुवीजेच्या एकूण खर्चात युरेनियमचा वाटा अगदी लहान, त्यामुळे गरज पडली की वीजकंपनी भाव बघत नाही. पण साठा पुष्कळ असल्याने वर्षानुवर्षं तिला गरज पडत नाही. भाव दशकभर झोपतो आणि वर्षभरात तिप्पट होतो, तो यामुळे.

२००७ ची तेजी अशीच. ऑक्टोबर २००६ मध्ये कॅनडातली सिगार लेक ही बांधकाम चालू असलेली खाण पाण्याखाली गेली. साडेचारशे मीटर खोल, वरचा वाळूचा खडक पाण्याने भरलेला. खनिजाचा किरणोत्सर्ग इतका तीव्र की माणसाला जवळ जाता येत नाही. जमीन खारं पाणी फिरवून गोठवायची आणि दुरून पाण्याच्या झोताने खनिज कापायचं. १९८१ मध्ये सापडलेल्या या साठ्यातून पहिलं खनिज निघालं २०१४ साली! पण बाजार थांबतो थोडाच. जून २००७ मध्ये भाव १३६ डॉलरवर गेला. पॅलाडिन या ऑस्ट्रेलियन खाण कंपनीचा काही सेंटांना मिळणारा शेअर दहा ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर पोचला, आणि पुढच्या मंदीत पुन्हा काही सेंटांवर आला.

मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला. जपानच्या ५४ अणुभट्ट्या एकेक करून बंद पडल्या, जर्मनीने स्वतःच्या अणुभट्ट्या बंद करायचं ठरवलं. २०१६ च्या अखेरीकडे भाव वीस डॉलरच्या खाली गेला होता. कॅमेकोने २०१८ मध्ये मॅकआर्थर रिव्हर ही जगातली अव्वल खाणच थांबवली आणि ग्राहकांना द्यायचा माल बाजारातून विकत घेतला, कारण खणण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. एव्हाना जगाचं सुमारे ४० टक्के उत्पादन कझाकस्तानात गेलं होतं. तिथे जमिनीत सल्फ्युरिक आम्ल सोडून युरेनियम विरघळवून वर काढतात. २०२१ मध्ये स्प्रॉट ट्रस्ट आला, गुंतवणूकदारांच्या पैशातून युरेनियम घेऊन नुसतं साठवून ठेवणारा. पाठोपाठ युक्रेनचं युद्ध, युरेनियम पुरवणाऱ्या नायजरमधला लष्करी उठाव. आणि जानेवारी २०२४ मध्ये आम्लाच्या टंचाईमुळे उत्पादन घटेल असं कझाटमप्रोमने सांगितल्यावर भाव शंभरीपार गेला. या कंपनीची बहुतांश मालकी सरकारची आहे.

पण त्या दिवशी खाण कंपनीला शंभर डॉलर मिळत नव्हते. तिचा बराचसा माल आधीच्या करारांत, जुन्या भावाने बांधलेला असतो. शेअर बघणाऱ्याने हे करार वार्षिक अहवालात आधी बघावेत.

आपल्याकडे झारखंडमधली जादूगुडा खाण चालवणारी युरेनियम कॉर्पोरेशन सरकारी आहे, तिचा शेअर बाजारात मिळत नाही. पुरवठ्यावर राजकारणाची पकड किती घट्ट असते हे पाहायला मात्र पालघर जिल्ह्यापलीकडे जायला नको. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरला इंधन अमेरिकेकडून यायचं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कुरबुरी सुरू झाल्या, १९८२ पासून ते फ्रान्सने दिलं, नंतर चीनने, मग रशियाने. २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली आणि २०१५ मध्ये कॅमेकोशी पाच वर्षांत सत्तर लाख पाउंड युरेनियम घेण्याचा करार झाला. पोखरणनंतर आपल्याशी अणुसहकार्य तोडणारा कॅनडा चाळीस वर्षांनी विक्रेता म्हणून परतला, तेव्हा करारावर सह्या झाल्या त्या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या उपस्थितीत.