ठरल्या तारखेचे पैसे

पावसाच्या भरवशावर एक-दोन एकर कसणाऱ्या घराचा जमाखर्च वर्षाच्या एका आकड्यात मांडला, तर त्या घराची खरी अडचण दिसतच नाही. वर्षभराची आवक आणि वर्षभराचा खर्च यांची कशीबशी तोंडमिळवणी होतही असेल. पण पीक वर्षातून एकदा, फार तर दोनदा हाती येते आणि चूल रोज पेटवावी लागते. तोच जमाखर्च महिन्यामहिन्याने मांडून पाहा. सुगीत घरात धान्य असते, पण ते सगळ्यांच्याच घरात असते, म्हणून भाव पडलेले असतात. नेमके तेव्हाच उधारी वसूल करणारेही दारात उभे राहतात. पुढे सहा-सात महिन्यांनी कणगीचा तळ दिसू लागतो. पेरणी झालेली असते, पीक कोवळे असते आणि धान्याचे भाव चढलेले असतात. अशा घराला सरकारने किंवा एखाद्या संस्थेने न फेडायची थोडी रोख मदत ठरल्या तारखेला नियमित दिली तर काय बदलते, ते इथे पाहू.

केनियात मक्याचे भाव सुगीपासून टंचाईच्या महिन्यांपर्यंत साधारण 25 ते 40 टक्के चढतात. तरीही तिथले लहान शेतकरी सुगीत विकतात आणि पुढे तेच धान्य चढ्या भावाने विकत घेतात. यामागे अडाणीपणा नाही, त्या दिवशी हाताशी दुसरी रोकड नाही. मार्शल बर्क, लॉरेन बर्गक्विस्ट आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शेतकऱ्यांना ऐन सुगीच्या वेळी कर्ज उपलब्ध करून दिले. त्यांनी धान्य राखून ठेवले, भाव चढल्यावर विकले आणि त्या कर्जावर सुमारे 29 टक्के परतावा मिळवला. दरमहा किंवा दोन महिन्यांनी ठरलेली रक्कम खात्यात येणाऱ्या घराला थांबण्याची ही ताकद कर्ज न काढता मिळते.

अर्थात, थांबायचे तर धान्य टिकले पाहिजे. मक्यात 13 टक्क्यांहून जास्त ओलावा राहिला तर बुरशी धरते, आणि भावात मिळायचा तो फायदा पोत्यातच सडतो. यंत्र नसेल तर मिठाची परीक्षा करता येते. पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश धान्य घ्यावे, त्यात दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालावे, झाकण लावून मिनिटभर हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवून द्यावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, धान्य आणखी वाळवायला हवे. मीठ तळाशी मोकळे पडले म्हणजे धान्य त्याहून कोरडे आहे. तरी पोती भरण्याआधी आणखी एखादे ऊन दिलेले बरे. दुसरा शत्रू भुंगा. दोन थरांच्या हवाबंद पिशवीत आतला प्राणवायू संपून तो मरतो, पण पिशवीला टाचणीएवढे भोक पडले तरी उपयोग संपतो. या पिशव्या फार महाग नसतात, पण त्या सुगीच्या आठवड्यातच घ्याव्या लागतात. तेव्हा हातात पैसे असणे म्हणूनच महत्त्वाचे.

याहून मोठा आणि सहसा नजरेआड राहणारा बदल घडतो तो खुरपणीच्या दिवसांत. मक्यासारख्या पिकाला उगवल्यापासून पहिले सहा ते आठ आठवडे तणाची स्पर्धा सर्वांत जास्त भोवते. त्या काळात तण काढले नाही तर नंतर कितीही खुरपले तरी गेलेले उत्पन्न परत येत नाही. नत्र खताचा दुसरा हप्ताही याच सुमारास, पीक गुडघाभर झाले की द्यायचा असतो. शेत तणात असताना तो टाकला तर बरेचसे खत तणच खाते. आणि नेमके हेच आठवडे घरात दाणा नसण्याचे. मग घरची बाई आणि बाप्या आजच्या जेवणासाठी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जातात आणि स्वतःचे शेत तणात जाते. दिवसाची मजुरी मिळते, पण त्या दिवसाची किंमत सुगीत मोजावी लागते. पुढच्या वर्षी कणगी आणखी लवकर रिकामी होते, मजुरीला आणखी लवकर जावे लागते. लहान शेतकरी गरीब का राहतो याची अनेक उत्तरे दिली जातात. हे चक्र मला त्यांत सर्वांत पटणारे वाटते, कारण त्याची प्रत्येक कडी शेतात जाऊन दाखवता येते.

झांबियात गुंथर फिंक, केल्सी जॅक आणि फेलिक्स मासिये यांनी दोन वर्षे चाललेल्या प्रयोगात हीच कडी तोडून पाहिली. टंचाईच्या महिन्यांत शेतकऱ्यांना रोख किंवा धान्याच्या रूपात कर्ज मिळाले, तेव्हा ते दुसऱ्याच्या शेतात कमी गेले, स्वतःच्या शेतात जास्त राबले आणि उत्पन्न वाढले. शिवाय मजुरीला जाणारे हात कमी झाल्याने गावातला मजुरीचा दरही चढला. म्हणजे ज्यांना मजुरी करावीच लागली, त्यांच्याही पदरात काहीतरी पडले.

मदत कर्जाच्या रूपात नसून न फेडायची आणि नियमित असेल तर काय होते, याचा सर्वांत चांगला अभ्यासही झांबियातलाच. तिथे 2010 मध्ये कालाबो, कापुटा आणि शांगोम्बो या तीन दुर्गम जिल्ह्यांत लहान मूल असलेल्या घरांसाठी बाल अनुदान योजना सुरू झाली. रक्कम दर दोन महिन्यांनी, बहुतेक ठिकाणी मुलाच्या आईच्या हातात दिली जाई. कसलीही अट नव्हती. ती अन्नासाठी होती आणि आधी अन्नावरच खर्च झाली. त्यानंतर शेताची पाळी आली. कसलेली जमीन साधारण एक तृतीयांशाने वाढली. पडीक तुकडा आहे पण बी नाही, हात नाहीत, अशी बरीच घरे होती, त्यांनी तो तुकडा लागवडीखाली आणला. बी, खत आणि मजूर यांवर खर्च करणारी घरे वाढली, जनावरे वाढली, किरकोळ धंदे निघाले. ही योजना आणि तिच्या जोडीची दुसरी एक योजना यांचा एकत्र हिशेब तीन वर्षांनी मांडला, तेव्हा घरांचा वाढलेला खर्च मिळालेल्या मदतीपेक्षा सरासरी 67 टक्क्यांनी अधिक भरला. वरचा हिस्सा घरांनी स्वतः कमावला होता.

मेक्सिकोतही असेच दिसले. तिथे 1997 मध्ये ग्रामीण भागात सुरू झालेल्या प्रोग्रेसा या रोख मदतीच्या योजनेत घरांनी प्रत्येक पेसोतले 74 सेंटाव्हो, म्हणजे 74 टक्के, खाण्यापिण्यावर आणि इतर गरजांवर खर्च केले आणि उरलेले गुंतवले.

जनावरांचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गरीब घराची बचत बँकेत नसते, दावणीला असते. कोंबडीची अंडी 21 दिवसांत उबतात. पिल्ले मोठी झाली की ती विकून शेळी येते. शेळी साधारण पाच महिन्यांत विते. कागदावर ही चढण सोपी दिसते. प्रत्यक्षात मधेच मूल आजारी पडते आणि चार महिन्यांची गाभण शेळी त्या आठवड्यात मिळेल त्या भावाला विकावी लागते. गिऱ्हाइकाला निकड दिसते, भाव पडतो, आणि शेळीबरोबर महिन्याभराने होणारे करडूही जाते. चढण पुन्हा कोंबडीपासून सुरू. ठरलेली रक्कम येणार असेल तर ती शेळी वाचते. रक्कम दवाखान्याच्या बिलाला पुरेल असे नाही. पण 'पुढच्या पंधरवड्यात पैसे येणार आहेत' हे दुकानदारालाही ठाऊक असते, शेजाऱ्यालाही ठाऊक असते, आणि त्या भरवशावर उधारी मिळते. पत वाढणे हा या योजनांचा आकडेवारीत सहज न सापडणारा परिणाम आहे. ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही त्याला गाव हळूहळू वगळत जाते. भिशीत घेत नाहीत, लग्नकार्यात तोही जायचे टाळतो. नियमित पैसे येऊ लागले की माणूस पुन्हा देण्याघेण्याच्या व्यवहारात येतो.

टंचाईचा भार डोक्यावरही असतो. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांना एका संशोधक गटाने तोडणीआधी आणि तोडणीचे पैसे हाती आल्यावर अशा दोन वेळा बुद्धीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या दिल्या. निष्कर्ष 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. तीच माणसे पैशाच्या ओढाताणीच्या काळात कमी गुण मिळवत होती. कोणाचे देणे आधी फेडायचे, किराणा किती दिवस पुरवायचा, या विचारात डोके अडकले की बाकीच्यासाठी जागा कमी उरते. आणि शेतीतले महत्त्वाचे निर्णय बहुतेक याच काळात घ्यायचे असतात.

आता 'नियमित' या शब्दाकडे. घानाच्या लीप या रोख मदतीच्या योजनेचे मूल्यमापन झाले त्या 24 महिन्यांत घरांना 20 महिन्यांचेच पैसे मिळाले. 2011 मध्ये मोठा खंड पडला आणि फेब्रुवारी 2012 मध्ये थकबाकी म्हणून तिप्पट रक्कम एकदम आली. रक्कमही लहान होती, घराच्या एकूण खर्चाच्या सुमारे 7 टक्के. झांबियात ती चतुर्थांशाहून थोडी जास्त होती. घानात घरांचा खाण्यावरचा खर्च वाढलेला दिसला नाही. मात्र कर्जे फिटली, थोडी बचत झाली, नातेवाइकांना मदत दिली गेली. घरांनी बेभरवशाच्या पैशाशी शहाणपणाने केलेला हा व्यवहार आहे. पुढचा हप्ता कधी येईल हे माहीत नसेल तर आलेला हप्ता देणी चुकवायला वापरावा. रोजच्या ताटात वाढ करून ती पुढच्या महिन्यात काढून घेण्यापेक्षा ते बरे. म्हणून पैसे वाटणाऱ्यांनी पाळायच्या गोष्टींत तारीख पहिली. दुसरी रक्कम, खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी असेल तर मोठ्या बदलाची आशा धरू नये, आणि महागाईबरोबर ती वाढवत न्यावी. न वाढवलेली रक्कम काही वर्षांत आपोआप निम्म्यावर येते आणि तसा निर्णय मात्र कोणी घेतलेला नसतो.

दरमहा थोडे की एकदम मोठी रक्कम? केनियात दोन्ही देऊन पाहिले गेले. दरमहा पैसे मिळालेल्या घरांत अन्नाची सुरक्षितता जास्त सुधारली. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. शेतीला मात्र दोन्ही लागते, रोजचे जेवण आणि पेरणीच्या आधी एकदम मोठी रक्कम. लोकांनी यावर स्वतःच उपाय काढला आहे, तो म्हणजे भिशी. दहा जणी दरमहा एकेक हिस्सा टाकतात आणि दर महिन्याला एकीला दहा हिस्से मिळतात. क्रम चिठ्ठीने न लावता गरजेने लावला तर अधिक फायदा होतो. जिची पेरणी आधी, तिची पाळी पेरणीच्या महिनाभर आधी. जिला शेड बांधायची आहे तिची पावसाआधी. भिशी मोडते ती पाळी घेऊन गेलेली बाई पुढचे हिस्से टाकत नाही तेव्हा. सगळ्यांच्या हातात एकाच तारखेला पैसे येत असतील आणि भिशी त्याच दिवशी बसत असेल तर हा धोका खूप कमी होतो.

दारूत पैसे जातात, लोक आळशी होतात, या दोन शंकांना उत्तर देऊन पुढे जाऊ. डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोव्हा यांनी 2017 मध्ये जगभरातले 19 अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. त्याच वर्षी सहा देशांतल्या सात प्रयोगांच्या एकत्र तपासणीत लोकांनी काम कमी केल्याचाही पुरावा मिळाला नाही.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. खुरपे आणि कोयता धरून झिजलेल्या बोटांचे ठसे पैसे घेताना ओळख पटवणाऱ्या यंत्राला ओळखू येत नाहीत, म्हाताऱ्या माणसांचे तर बऱ्याचदा येतच नाहीत. ठशाला पर्यायी सोय ठेवली नाही तर ज्याला पैशाची सर्वांत जास्त गरज आहे तोच रिकाम्या हाताने परत जातो, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. पावसाचा धोका पैशाने हटत नाही. उत्तर घानात काही शेतकऱ्यांना रोख अनुदान आणि काहींना पाऊसविमा देऊन पाहिले, तेव्हा विमा मिळालेल्यांनी शेतीत अधिक पैसे घातले. हात आखडण्याचे मोठे कारण पीक बुडण्याची भीती होती. फिलिपिन्समधल्या दुर्गम गावांत बरीच घरे एकदम लाभार्थी झाली, बाहेरून माल सहज येत नव्हता, तेव्हा अंड्यांसारख्या नाशवंत पदार्थांचे भाव चढले आणि योजनेबाहेरच्या घरांतल्या मुलांची वाढ खुंटण्याचे प्रमाण वाढले. ज्या गावाला रस्ता नाही तिथे थोडी घरे वगळण्याऐवजी सगळ्यांना द्यावे किंवा मालाची आवक आधी सुधारावी.

मुलांचेही बघायला हवे. मलावी आणि झांबियात मुले शाळेत जास्त जाऊ लागली, पण घरची शेती आणि धंदा वाढल्याने त्यांचे घरचे कामही वाढले. शेळ्या आल्या की त्या चारायला कोणीतरी लागतेच.

केनियात 2018 पासून सुरू असलेला आणखी एक मोठा प्रयोग आहे. काही गावांना दरमहा ठरावीक रक्कम दोन वर्षे, काहींना तेवढीच रक्कम बारा वर्षे देण्याचे ठरले. पहिली दोन वर्षे संपली तेव्हा दोन्हीकडच्या घरांना सारखेच पैसे मिळाले होते. तरी बारा वर्षांची खात्री असलेल्या गावांत नवे धंदे जास्त निघाले होते, आणि भिशीत पैसे घालण्याचे प्रमाणही तिथेच जास्त होते.