शर्टावरचं मीठ

चैत्रात धुळ्याहून सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेल्या माणसाचा शर्ट दुपारी नीट बघा. ओला नसतो. पाठीवर मात्र पांढरी वेडीवाकडी नक्षी उमटलेली असते. खानदेशातली हवा तेव्हा इतकी कोरडी असते की घाम दिसायच्या आत उडून जातो, मीठ तेवढं मागे राहतं.

कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा चाळिशीपार गेली की वाराही तापवायलाच लागतो. मग घामाशिवाय गत्यंतर नाही. साठ किलोचा माणूस सपाटीवर ताशी पाच किलोमीटर चालला, तर तासाला सुमारे २५० किलोकॅलरी खर्चतो आणि त्यांची अखेर उष्णताच होते. एक लिटर घाम सुकताना ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे निव्वळ चालण्यापोटी जवळजवळ अर्धा लिटर घाम. डोक्यावरचं ऊन आणि खालचं तापलेलं डांबर यांचा हिशेब वेगळा. गेलेलं मीठ भरून न काढता नुसतं पाणीच ढोसत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळतं, डोकं धरतं. वाटेवर पायी जाणाऱ्यांसाठी घातलेल्या मांडवातलं ताक खारट लागलं तर कुरकुरू नये.

पायांचं दुखणं निराळं. मी एकदा गेलो होतो. लळिंगचा घाट चढेपर्यंत मजेत, आर्वीच्या पुढे टाच हुळहुळायला लागली. एका मांडवात पोरांनी पायांवर गार पाणी ओतलं, फार बरं वाटलं, आणि ओल्याच मोज्यांनी मी पुढे निघालो. झोडगे यायच्या आत टाचेला चिंचोक्याएवढा फोड.

चूक माझीच. दमट कातडी मोज्याला जास्त चिकटते. वरचा थर मोज्याबरोबर जागेवर राहतो, आतलं हाड पुढे सरकतं, आणि मधले थर ताणले जातात. किलोमीटरला चौदाशे पावलं, म्हणजे प्रत्येक टाचेला सातशे ताण. शेवटी थर सुटतात आणि पोकळीत पाणी भरतं. वरची कातडी शाबूत असली, तर तिच्याइतकी चांगली पट्टी दुसरी नाही.

बरोबरच्या मावशींनी फोड फोडायला पिशवीतून सुईदोरा काढला होता. मी पाय मागे घेतला. त्या हसल्या, सुती कोरडे मोजे पुढे केले आणि म्हणाल्या, "मंग हे तरी घाल."