समरूप त्रिकोण : गुणोत्तर व प्रमाण यांचा उपयोग

ज्या दोन त्रिकोणांचे संगत कोन समान असतात आणि संगत बाजू एकाच प्रमाणात असतात, त्यांना समरूप त्रिकोण म्हणतात. अशा त्रिकोणांचा आकार सारखा असतो, आकारमान मात्र वेगळे असू शकते; आकारमानही सारखेच असेल तर ते त्रिकोण एकरूप ठरतात. एका त्रिकोणाच्या तिन्ही बाजू ठाऊक असल्या आणि त्याच्याशी समरूप असलेल्या दुसऱ्या त्रिकोणाची एकच बाजू मोजता आली, तरी उरलेल्या दोन बाजू हिशेबाने मिळतात. त्यामुळे जेथे टेप पोहोचत नाही तेथील लांबी काढण्याचे हे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत सोपे साधन आहे. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे ठाणे व नवी मुंबई परिसरातील घेतली आहेत.

दोन सजातीय राशींची भागाकाराने केलेली तुलना म्हणजे गुणोत्तर, आणि दोन गुणोत्तरांची समानता म्हणजे प्रमाण. बोलीत हा भेद पाळला जात नाही. बांधकामावरचा गवंडी सिमेंट व वाळूचे ‘प्रमाण’ एकास सहा असे सांगतो, तेव्हा गणिताच्या भाषेत तो गुणोत्तर सांगत असतो. भूमितीत मात्र हा भेद जपावा लागतो, कारण एकट्या गुणोत्तरातून अज्ञात बाजू मिळत नाही. ती दोन गुणोत्तरे समान मांडल्यावरच मिळते. समीकरण मांडले की पुढचा तिरकस गुणाकार यांत्रिक असतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात इयत्ता नववीच्या बीजगणितात गुणोत्तर व प्रमाण येते आणि दहावीच्या भूमितीचे पहिलेच प्रकरण समरूपतेचे आहे. नववीत शिकलेल्या व्यस्त, एकांतर, योग आणि वियोग या क्रिया दहावीत बाजूंवर वापरायच्या असतात, हे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या उशिरा लक्षात येते.

त्रिकोण अबक हा त्रिकोण दइफ याच्याशी समरूप आहे असे लिहिताना अक्षरांचा क्रम महत्त्वाचा असतो. अ ची जोडी द शी, ब ची इ शी आणि क ची फ शी आहे, असे त्या क्रमातून सांगितले जाते आणि त्यावरूनच अब : दइ = बक : इफ = अक : दफ हे प्रमाण लिहिता येते. ही जुळणी म्हणजे संगती. समरूपतेच्या उदाहरणांत होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक गुणाकार-भागाकारात होत नाहीत, संगती ठरवताना होतात. म्हणून या नोंदीत तिच्यावरच भर दिला आहे. समरूपता सिद्ध करण्यासाठी सहाही घटक तपासावे लागत नाहीत. दोन संगत कोन समान असले (कोको कसोटी), दोन बाजू प्रमाणात असून त्यांमधील कोन समान असला (बाकोबा कसोटी), किंवा तिन्ही बाजू प्रमाणात असल्या (बाबाबा कसोटी), तरी पुरते. प्रत्यक्ष मोजणीत कोको कसोटी सर्वाधिक उपयोगी पडते, कारण समांतर रेषा आणि काटकोन यांमुळे समान कोन आयतेच मिळतात.

त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना भिन्न बिंदूंत छेदत असेल, तर ती त्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. याला प्रमाणाचे मूलभूत प्रमेय म्हणतात. येथेच सर्वांत सामान्य चूक दबा धरून असते. गृहनिर्माण संस्थेच्या प्रवेशद्वाराशी चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेला रॅम्प पाहावा. अशा रॅम्पसाठी बारास एक हा चढ मान्य धरला जातो, म्हणजे ४५ सेंमी उंचीच्या ओट्यावर चढायला ५.४ मीटर लांबी द्यावी लागते. खालच्या टोकापासून १.८ मीटर अंतरावर रॅम्पची उंची किती असावी, हे गवंड्याला सांगायचे आहे. १.८ मीटर व उरलेले ३.६ मीटर यांचे गुणोत्तर एकास दोन आहे, म्हणून उंची ४५ च्या निम्मी, २२.५ सेंमी, असे उत्तर अनेक जण देतात आणि ते चुकीचे आहे. मूलभूत प्रमेयातील भागास भाग हे गुणोत्तर छेदल्या गेलेल्या दोन बाजूंच्या तुकड्यांना लागू आहे. समांतर रेषाखंडाची लांबी काढताना लहान त्रिकोणाची पूर्ण बाजू मोठ्या त्रिकोणाच्या पूर्ण बाजूशी ताडावी लागते : १.८ : ५.४ = उंची : ४५, म्हणून उंची १५ सेंमी. चुकीच्या उत्तराप्रमाणे भरणी केली, तर पहिल्या एकतृतीयांश भागातच रॅम्प आठास एक इतका उभा होईल आणि खुर्ची ढकलणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी कळेल. दोन्ही त्रिकोण कागदावर वेगवेगळे काढले आणि प्रत्येकाच्या बाजूंवर मापे लिहिली, तर ही चूक सहसा होत नाही.

गवंडी स्वतः समरूपतेचे नाव न घेता तिचा वापर करतो. पायाची आखणी करताना सुताने ३, ४ आणि ५ फूट घेऊन काटकोन साधला जातो. जागा मोठी असेल तर ६, ८, १० किंवा ९, १२, १५ घेतात. हे सर्व त्रिकोण बाबाबा कसोटीने समरूप आहेत, म्हणून काटकोन तोच राहतो आणि मोठ्या मापामुळे आखणी अधिक नेमकी होते. छोट्या गुण्यावर (काटकोन तपासण्याच्या हत्यारावर) विसंबून लांब भिंत का आखत नाहीत, याचे कारणही तेच आहे. गुण्याची भुजा ३० सेंमी आणि तिच्या टोकाशी चूक २ मिमी असेल, तर ३ मीटर भिंतीच्या टोकाशी ती २ सेंमी होते.

ओलांडता न येणाऱ्या पाण्याची रुंदी काढण्यासाठी दोन त्रिकोण शिरोबिंदूशी जोडले जातात. ठाण्याच्या तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी, समोरच्या काठावरचा एखादा खांब अ मानावा आणि आपण त्याच्या अगदी समोर ब या ठिकाणी उभे राहावे. अब या रेषेला काटकोनात काठाकाठाने ३० मीटर चालून क येथे खूण करावी, त्याच दिशेत आणखी ३ मीटर जाऊन इ येथे थांबावे आणि तेथून तलावाकडे पाठ करून काटकोनात चालत राहावे. क ची खूण आणि समोरचा खांब एका रेषेत दिसू लागतील तो बिंदू द. त्रिकोण अबक आणि त्रिकोण दइक यांमध्ये ब आणि इ येथे काटकोन आहेत आणि क येथील विरुद्ध कोन समान आहेत, म्हणून अब : दइ = बक : इक = १० : १. दइ ९.४ मीटर भरले, तर रुंदी ९४ मीटर. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. पदपथावर पाठीमागे फार जागा नसते, म्हणून येथे दहास एक गुणोत्तर निवडले; परंतु त्याची किंमत मोजावी लागते, कारण दइ मोजताना झालेली १० सेंमीची चूक उत्तरात १ मीटर होऊन येते.

समरूप त्रिकोणांची क्षेत्रफळे संगत बाजूंच्या वर्गांच्या प्रमाणात असतात. नवी मुंबईतील एखाद्या नोडमध्ये (नियोजित उपनगरात) दोन रस्ते तिरके मिळतात तेथे त्रिकोणी भूखंड उरतो. १ : ५०० प्रमाणाच्या आराखड्यावर अशा भूखंडाचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंमी भरले, तर जमिनीवरील लांबी ५०० पट असली तरी क्षेत्रफळ २,५०,००० पट, म्हणजे १५० चौरस मीटर असते.

या विचाराचा इतिहास सावलीपासून सुरू होतो. इ. स. पू. सहाव्या शतकातील थेलीस याने पिरॅमिडची उंची सावलीवरून काढली, अशी ग्रीक परंपरा आहे. यूक्लिडने इ. स. पू. ३०० च्या सुमारास संकलित केलेल्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात प्रमाणाचा सिद्धांत आणि सहाव्या खंडात समरूप आकृत्या येतात. भारतात आर्यभटाने ‘आर्यभटीय’ (४९९) या ग्रंथाच्या गणितपादात दिवा आणि शंकू (सावली मोजण्यासाठी उभी रोवलेली काठी) यांवरून सावली काढण्याची रीत दिली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) छायाव्यवहार, म्हणजे सावलीचे गणित, हा स्वतंत्र विषय आहे. त्यातील एका उदाहरणात दिव्याची उंची साडेतीन हात, शंकूची उंची १२ अंगुळे आणि दोहोंमधील अंतर ३ हात दिले असून सावली विचारली आहे. २४ अंगुळांचा एक हात, म्हणून शंकू अर्ध्या हाताचा. रीत अशी : शंकूची उंची आणि अंतर यांच्या गुणाकाराला दिव्याच्या व शंकूच्या उंचींतील फरकाने भागावे. अर्धा गुणिले ३ भागिले ३, म्हणजे अर्धा हात किंवा १२ अंगुळे.

फरकाने का भागायचे, हे समजून घेण्यासारखे आहे. दिव्याचा त्रिकोण दिव्याच्या पायथ्यापासून सावलीच्या टोकापर्यंत पसरतो, म्हणून मूळ प्रमाण दिवा : शंकू = (अंतर + सावली) : सावली असे आहे. त्यावर वियोग क्रिया केली, म्हणजे प्रत्येक गुणोत्तराच्या पहिल्या पदातून दुसरे वजा केले, की (दिवा − शंकू) : शंकू = अंतर : सावली मिळते. नववीच्या पुस्तकात कोरडी वाटणारी क्रिया येथे एका रीतीचा गाभा ठरते. घोडबंदर रस्त्यावर ९ मीटर उंचीच्या दिव्याखालून दीड मीटर उंचीचा मुलगा चालत गेला, तर त्याची सावली दिव्यापासूनच्या अंतराच्या एकपंचमांश असते. ५ मीटरवर १ मीटर, १० मीटरवर २ मीटर.

सूर्य फार दूर असल्याने त्याचे किरण समांतर धरता येतात आणि रीत सोपी होते. खारघरमधील एखाद्या इमारतीची सावली २४ मीटर आणि त्याच वेळी दीड मीटर काठीची सावली ०.९ मीटर असेल, तर इमारत ४० मीटर उंच आहे. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजाव्यात, कारण सूर्याची दिशा दर ४ मिनिटांत १ अंशाने बदलते. सावलीचे टोक गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे असेल, तर अंतर भिंतीपासून मोजणे ही पुन्हा संगतीचीच चूक होय. ते टाकीच्या बरोबर खालच्या बिंदूपासून धरावे लागते. शिवाय सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे असल्याने एवढ्या उंचीच्या सावलीची कड साधारण अर्धा मीटर पुसट असते. कडेचा मध्य धरणे त्यातल्या त्यात योग्य.

या रीतीला काटकोन हवाच, हा समज मात्र बरोबर नाही. पारसिकच्या डोंगराला लागून असलेल्या बेलापूरच्या चढावर जमीन कलती असते. तेथे काठी त्याच चढावर ओळंब्यात उभी केली आणि सावल्या चढावरूनच मोजल्या, तर जमीन व उभी रेषा यांमधील कोन दोन्ही त्रिकोणांत समान राहतो, किरणांचा कोनही समान राहतो आणि कोको कसोटी जशीच्या तशी लागू पडते. काठी ओळंब्यात न धरता जमिनीला लंब धरली, तर मात्र समरूपता बिघडते.

ठाण्याचा अक्षांश सुमारे १९.२ अंश उत्तर असल्याने येथील मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरच्या सुमारासही काठीच्या उंचीपेक्षा थोडी कमीच, सुमारे ०.९२ पट, भरते. मेच्या मध्यास आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही डोक्यावर येतो. जुलैत बहुधा ढग असतात. मेमध्ये दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास काठीची सावली तिच्या पायाशी मिटते आणि इमारतीचीही मिटते. शून्यास शून्य या गुणोत्तरातून कोणतीही उंची निघत नाही, म्हणून सावलीला पुरेशी लांबी येईपर्यंत त्या दुपारी थांबावे लागते.